अन्नाच्या ओझ्याबद्दल बोलताना

(वक्तृत्व मंडळाच्या सभेत दिलेलं व्याख्यान, वाचनासाठी थोडं संपादित करून.)

मंडळी, या मंचावर येणारे बरेच जण कधी ना कधी अन्न आणि पर्यावरण हा विषय निवडतात. विषय जिव्हाळ्याचा आहे, ऐकणाऱ्याच्या रोजच्या जेवणाशी जोडलेला आहे, त्यामुळे त्यावर थोडं सैल बोललं तरी टाळ्या मिळतात. मला तो सैलपणा खटकतो, कारण विषय खरोखर गंभीर आहे. आज अन्नाच्या शाश्वततेबद्दल मला जे कळलं आहे ते सांगते, आणि तुम्ही पुढे यावर बोलणार असाल तर एक विनंतीही करते: ओझं नेमकं कुठे पडतं ते आधी शोधा, आणि मग तिथेच जोर द्या.

सुरुवात सगळ्यांना पाठ असलेल्या वाक्यापासून करू. ‘जगातलं एक तृतीयांश अन्न वाया जातं.’ हा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०११ च्या अहवालातला. तेव्हा वर्षाला सुमारे १३० कोटी टन असा आकडा दिला होता. त्यानंतर मोजण्याची पद्धत सुधारली आणि दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जाऊ लागल्या. कापणीनंतर दुकानात पोचण्याआधी सुमारे १३ टक्के अन्न वाटेतच जातं. पुढे दुकानं, उपाहारगृहं आणि घरं यांत २०२२ या एका वर्षात १०५ कोटी टन अन्न टाकलं गेलं. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाच्या हे १९ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातला हा आकडा आहे. त्यात साली, बिया, हाडं असा न खाण्याचा भागही धरलेला आहे, हे बोलताना सांगायला हवं. आणि १३ व १९ यांची सरळ बेरीज करू नका, कारण दोन्ही टक्के वेगवेगळ्या ढिगांचे आहेत.

या अहवालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. टाकलेल्या अन्नातलं ६० टक्के घरांमधून जातं, माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशगटांच्या सरासरीत माणशी फक्त सातेक किलोंचा फरक निघाला. श्रीमंत देश उधळतात आणि बाकीचे जपून खातात, हे ऐकायला बरं वाटणारं वाक्य इथे टिकत नाही. उष्ण देशांत घरांमधली माणशी नासाडी जास्त दिसते. तिथे ताजं, सालीबियांचं अन्न जास्त खाल्लं जातं आणि शीतगृहांची साखळी तोकडी पडते, ही त्याची संभाव्य कारणं.

आता ओझ्याकडे येते. अन्नामुळे हवामानावर पडणारा भार कुठे तयार होतो? जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी एकत्र केली. जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण चौथा हिस्सा अन्नातून येतो, असं त्यातून निघालं. त्या चौथ्या हिश्श्याची फोड पाहिली तर वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के आणि वेष्टनाचा सुमारे ५. जंगल तोडून जमीन मोकळी करणं, पीक काढणं आणि जनावरं पाळणं यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. विमानाने येणाऱ्या नाशवंत मालाचं गणित वेगळं, पण असा माल एकूण अन्नात फार थोडा असतो.

आपली भाषणं मात्र बहुतेक वेळा पिशवी, वेष्टन आणि अंतर यांवरच रेंगाळतात. डोळ्यांना दिसतं तेच तोंडी येतं, हे मी समजू शकते. प्लॅस्टिकचे स्वतःचे वेगळे दुष्परिणाम आहेत आणि त्यावर जरूर बोला. पण अन्नाच्या हवामान-भाराबद्दल बोलायला उभे राहिलात तर बराचसा वेळ शेताला आणि गोठ्याला द्या.

शेतात काय घडतं ते नत्राच्या उदाहरणाने सांगते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या अमोनियापासून बनणाऱ्या कृत्रिम नत्रखतावर पिकलेल्या अन्नावर जगतात. म्हणून ‘खतं बंद करा’ असं एका वाक्यात सांगणाऱ्या वक्त्याने, मग या निम्म्या लोकांनी काय खायचं, याचंही उत्तर द्यायला हवं. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. टाकलेल्या नत्रातलं जवळपास निम्मंच पिकाला मिळतं. उरलेलं पाण्यात झिरपतं, हवेत जातं, आणि त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड बनतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. खत योग्य वेळी, लागेल तेवढंच आणि मुळांजवळ देणं ही साधी गोष्ट इथे फार मोठी ठरते.

भातशेतीतही अशीच एक सुधारणा आहे. खाचरात सतत पाणी साचलं की मातीत हवा शिरत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा वायू तयार करतात. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढे आणलेल्या पद्धतीत पाणी मधूनमधून आटू देतात. खाचरातल्या पाण्याची पातळी बघायला जमिनीत एक भोकं पाडलेली नळी रोवतात. पातळी मातीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा पाणी सोडतात, फुलोऱ्यात मात्र शेत कोरडं पडू देत नाहीत. यात ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं, मिथेनही बरंच घटतं, आणि नीट केलं तर उतारा कमी होत नाही.

मांस आणि दूध यांबद्दल बोलायला अनेक वक्ते कचरतात. कचरू नका, पण दमदाटीही करू नका. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन निघतो, आणि जगातल्या शेतीच्या जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमीन कुरणं व पशुखाद्यासाठी जाते. तिच्यातून माणसाला मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. हे खरं आहे. दुसरं काही पिकतच नाही अशा कोरड्या माळावर चार जनावरांवर जगणारं कुटुंब आणि जंगल साफ करून उभा केलेला हजारो जनावरांचा कळप, यांना एकाच तागडीत घालू नये, हेही तितकंच खरं आहे.

आता नासाडीचा अर्थ नीट लागतो. ताटातला घास टाकला की त्यामागचं पाणी, नत्र, जमीन आणि मिथेन हे सगळं फुकट खर्ची पडलेलं असतं. जगात नद्या, तलाव आणि विहिरींतून उपसलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागतं, हे इथे आठवा. नासाडीतून होणारं उत्सर्जन एकूण उत्सर्जनाच्या ८ ते १० टक्के मानलं जातं.

मात्र ‘तुम्ही टाकलंत म्हणून कुणीतरी उपाशी राहिलं’ असं म्हणू नका. २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते. त्यांच्या भुकेमागे युद्ध, गरिबी, दुष्काळ आणि महागाई आहे. आपल्या ताटातलं उरलेलं त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. अपराधीपणाने माणूस एक दिवस ताट स्वच्छ करतो, सवय बदलत नाही. शिवाय भुकेची खरी कारणं त्या वाक्याआड दडून जातात, आणि मला तेच जास्त लागतं.

वाटेतल्या नासाडीवर उपाय आहेत आणि त्यातले काही विलक्षण साधे आहेत. धान्याला कीड लागू नये म्हणून तीन थरांची हवाबंद पोती वापरतात: आत पॉलिथिनच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. चवळीसाठी तयार झालेली ही पद्धत आता इतर धान्यांनाही वापरली जाते. पोत्यात कीड आणि धान्य श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, कीड खाणं थांबवते आणि मरते. औषध घालावं लागत नाही. धान्य मात्र आधी नीट वाळलेलं हवं, नाहीतर बुरशी धरते.

सरकारांनीही काही करून पाहिलं आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगं न विकलेलं अन्न नष्ट करायला बंदी घातली. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा जमिनीत पुरणं थांबवलं आणि २०१३ पासून वजनाप्रमाणे पैसे आकारायला सुरुवात केली; आता तिथला जवळजवळ सगळा अन्नकचरा पशुखाद्य, खत किंवा बायोगॅससाठी जातो. कोरियाचं मला कौतुक आहे. तरी खत झालेला भात पिकवायला लागलेलं पाणी परत येत नाही, म्हणून माझ्या मते खत हा शेवटचा पर्याय. आधी गरजेपुरतंच आणणं, मग उरलेलं माणसांनी खाणं, मग जनावरांनी.

घरापुरतं बोलायचं तर वेष्टनावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चवीची आणि दर्जाची असते. ती उलटली म्हणून नीट ठेवलेला पदार्थ लगेच विषारी होत नाही. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख मात्र पाळायचीच. सफरचंद आणि पिकलेली केळी इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याजवळ पालेभाजी ठेवली तर ती लवकर पिवळी पडते. फ्रिज पाच अंशांच्या आत ठेवा.

दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्मी करायची, असं जगातल्या देशांनी २०१५ मध्ये ठरवलं. निम्मी झाली की नाही हे कळायला आधी मोजायला हवं, आणि बऱ्याच देशांत ही मोजणी नियमित होत नाही. तेव्हा पुढच्या सभेत या विषयावर बोलणाऱ्यांनी एक करा. आठवडाभर घरात काय टाकलं, किती टाकलं आणि का टाकलं ते लिहून ठेवा: जास्त शिजलं, मागे राहून सडलं, की कुणाला आवडलं नाही. न खाण्याच्या साली वेगळ्या मोजा. मग तुमच्या वाट्याची पाच-सात मिनिटं त्या कागदावर बोला.