दूध बंद करा ह्येचं

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची मंडळी, आणि मागच्या दोन रांगांत एकगठ्ठा येऊन बसलेले शिवाजी पेठेतले माझे मित्र. पत्रिकेत विषय छापलाय ‘फुटबॉल क्लबचा समर्थक: काल आणि आज’. पहिल्या प्रुफात ‘समर्थक’चा ‘समर्थ’ झाला होता. सचिवांनी तो दुरुस्त केला. राहू दिला असता तरी चाललं असतं, कारण आपल्याकडं मैदानावरचे बावीस जण, रेफ्री आणि दोन लाइनमन सोडले तर बाकी सगळे समर्थच असतात. कुणाला कुठं पास द्यायला हवा होता हे त्यांना आधीच माहीत असतं.

आपल्याकडं क्लब म्हणजे तालीम, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. पण माझे पुण्याचे व्याही आलेत म्हणून सांगतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘मग कुस्ती कुठं गेली?’ कुठं जाईल? शाहू महाराजांनी या गावात कुस्तीला घर दिलं, १९१२ साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी झाल्या. पुढं त्याच पोरांनी लाल मातीतून उठून बॉलला लाथ मारायला सुरुवात केली. गणपतीची वर्गणी, पैलवानाचा खुराक आणि संघाची जर्सी, सगळं एकाच वहीत. त्यामुळं क्लब निवडायचा असतो ही कल्पनाच आमच्या पिढीला नव्हती. रेशनकार्डावर पत्ता पडला की क्लब ठरला.

फक्त बायकांचं तसं नव्हतं. त्यांचा पत्ता लग्नात बदलायचा.

माझी आई शिवाजी पेठेतली, वडील मंगळवार पेठेतले. वडिलांच्या मते आईनं अक्षता पडल्या त्या दिवशी तालीम बदलायला हवी होती. आईच्या मते मंगळसूत्राचा आणि फुटबॉलचा काही संबंध नाही. आईनं आयुष्यात एकही मॅच पाहिली नाही, त्या काळी बायका शाहू स्टेडियमवर जायच्याच नाहीत. पण निकाल तिला आमच्याआधी कळायचा. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची. रंकाळ्याच्या बाजूनं फटाके वाजले की माहेर जिंकलं, बोळातून वाजले की सासर. कलकत्त्यात १९११ साली तिथल्या मोहन बागान क्लबानं, एक गडी सोडून सगळे अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ नं हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. तेव्हा गर्दीत मागं असणाऱ्यांना काही दिसत नव्हतं म्हणून पतंग उडवून स्कोअर कळवत होते असं सांगतात. आमच्या आईला पतंगही लागला नाही. नुसत्या कानावर भागलं.

आता ज्यासाठी मी आज उभा आहे ती गोष्ट. अध्यक्षांनी ती चार वेळा ऐकलेली आहे, ते आता डोळे मिटतील.

मी अकरा वर्षांचा. एका चषकाची फायनल, आमची तालीम आणि त्यांची तालीम. नावं घेत नाही, मागच्या दोन रांगा बघून तुम्ही समजून घ्या. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर आला, म्हणजे दोन्हीकडून पाळीपाळीनं पेनल्ट्या. आमची शेवटची पेनल्टी घ्यायला लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं खेळणारा गडी गेला. उद्यमनगरात लेथवर काम करणारा, चोवीस-पंचवीसचा, हाडापेरानं मजबूत गडी. मारली की गोल, एवढंच राहिलं होतं. त्यानं बॉल ठेवला, पुन्हा उचलला, शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. वडील माझ्या शेजारी होते, ते म्हणाले, ‘पुसतोय कशाला, पितळ हाय काय?’ मग तो धावत आला आणि त्यानं बॉल असा काय हाणला की तो बारवरून, गॅलरीवरून, सरळ रस्त्यावर. बाहेरून एक सायकलची घंटी वाजल्याचं मला आजही आठवतंय. त्यांच्या पुढच्या गड्यानं गोल मारला आणि विषय संपला.

त्या रात्री आमच्या बोळात चूल पेटली नाही असं सांगायची पद्धत आहे. खोटं आहे. आमच्या घरी पेटली होती. आईनं शिरा केला होता, बेदाणे घालून. वडिलांनी ताट सरकवलं. आई म्हणाली, ‘तुमच्यासाठी न्हाई, पोरांसाठी केलाय.’ मी खाल्ला. पन्नास वर्षांत हे पहिल्यांदाच जाहीर कबूल करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वडिलांबरोबर दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या, धार काढून पेल्यात फेसाळ दूध द्यायचे, ते तिथंच उभ्यानं प्यायचं. सगळी तालीम जमलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेवढ्यात तो आला. पायात स्लीपर, हातात स्वतःचा पितळी पेला. यायला नको होतं असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. त्यालाही ते दिसलं असणार, पण रोज यायचा, म्हणून आला. रांगेत उभा राहिला. एक म्हातारे पैलवान होते, कान मोडलेले, ते खालीच बघत म्हणाले, ‘बॉल घावला का रं?’

कुणी हसलं नाही. मग गवळ्यानं धार काढता काढता मान वर केली आणि म्हणाला, ‘ह्येचं दूध बंद करा. जोर लई झालाय.’

आणि मग जो हशा पिकला! म्हशी बुजल्या. तो गडी मान खाली घालून उभा होता, त्याचेही खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, मला कळलं नाही. माझी उंची तेव्हा त्याच्या कोपराएवढी होती, पेला थरथरताना मी पाहिला. गवळ्यानं त्याचाच पेला सगळ्यांआधी भरला. त्याच संध्याकाळी तो तालमीमागच्या रिकाम्या जागेत भिंतीवर खडूनं चौकट काढून पेनल्ट्या मारत होता, आणि आम्ही पोरं बॉल आणून देत होतो. अंधार पडून खडूची रेघ दिसेना तेव्हा थांबला. पुढं त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढायला होतो. जिलबी वाढताना म्हटलं, ‘बॉल घावला का?’ म्हणाला, ‘अजून शोधतोय.’

माझं म्हणणं एवढंच आहे: समर्थक म्हणजे ज्याला हरल्याच्या दुसऱ्या दिवशी खेळाडू तोंडासमोर भेटतो तो. त्याला शिवी द्यायचा हक्क आहे, कारण ती शिवी ऐकल्यावर समोरच्याचा पेला थरथरताना त्याला बघावा लागतो.

माझा पुतण्या पुण्यात बाणेरला राहतो. तो आर्सेनलचा, म्हणजे लंडनच्या एका क्लबाचा. शाळेत असताना टीव्हीवर त्यांचा थिएरी हेन्री बघितला आणि लागला नादाला. २००३-०४ च्या लीगमध्ये आर्सेनल एकही सामना हरलं नाही, ते त्याला आमच्या घराण्याच्या वंशावळीपेक्षा जास्त पाठ आहे. रात्री दीड वाजता उठतो, जर्सी घालतो, एकटाच सोफ्यावर बसून ओरडतो. सूनबाई म्हणते, ‘काका, तुम्हीच समजवा.’ मी काय समजवू? ज्या गावाला तो कधी गेला नाही तिथल्या संघासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पाणी खरंच असतं. त्याला मी खोटा समर्थक म्हणणार नाही. मागं एकदा म्हटलं होतं, तर दोन दिवाळ्या बोलला नाही.

पण ११ जुलै २०२१ ची रात्र आठवा. युरो स्पर्धेची फायनल, वेम्बली, इंग्लंड आणि इटली, टायब्रेकर. इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका, तिघांच्या पेनल्ट्या चुकल्या. साका एकोणीस वर्षांचा, पुतण्याच्या आर्सेनलचा. तासाभरात मोबाइलवर त्या तिघांच्या रंगावरून इतकी घाण सुरू झाली की पुतण्यानं मला फोन केला. म्हणाला, ‘काका, मी काही लिहिलं नाही, नुसतं वाचतोय, पण झोप येत नाही.’ आमच्या दूधकट्ट्यावरचा तो गवळी कुणी संत नव्हता. त्याच्या हातात मोबाइल असता तर त्यानंही काय लिहिलं असतं, मी हमी देत नाही. पण त्याच्या समोर पेला होता.

आणि पुढचं ऐका. मँचेस्टरमध्ये विदिंग्टन भागात एका भिंतीवर रॅशफर्डचं मोठं चित्र आहे. त्या रात्री कुणीतरी ते विद्रूप केलं. सकाळी आसपासची माणसं आली, त्यांनी त्या जागेवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पोरांनी लिहिलेल्या, बदाम काढलेल्या, सगळी भिंत भरली. ती पेठ होती! तिथंही पेठ आहे, आपल्याला टीव्हीवर दिसत नाही एवढंच. ऑगस्टमध्ये साका टॉटनहॅमच्या मैदानावर उतरला, म्हणजे आर्सेनलच्या हाडवैऱ्यांच्या घरात, आणि तिथली गॅलरी त्याच्यासाठी उभी राहून टाळ्या वाजवत होती. (मागच्या रांगेतून टाळ्या.) बघा, यांना बरोबर कळलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं.’ अहो, मूळ विषय तर आत्ता सुरू होतोय. ठीक आहे, धावतं सांगतो.

पहिला टप्पा पेठेचा, तो झाला. मुंबईत पेठेच्या जागी कंपनी होती. रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ पासून, कूपरेजच्या मैदानावर गिरण्यांचे, बँकांचे, कंपन्यांचे संघ. समर्थक कोण, तर त्याच कंपनीतला कारकून, शिफ्ट संपवून आलेला. पण कंपनी कारखाना बंद करू शकते तसा संघही बंद करू शकते. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. रोव्हर्स कप त्याआधीच थांबला होता. समर्थकांनी जायचं कुठं? बरेच जण टीव्हीकडं गेले.

दुसरा टप्पा टीव्हीचा. इंग्लंडमध्ये १९८९ ला हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली. त्यानंतर मोठ्या मैदानांवरच्या उभं राहायच्या गॅलऱ्या गेल्या, खुर्च्या आल्या, तिकिटं महागली. १९९२ ला प्रीमियर लीग ही तिथली सगळ्यात वरची लीग आली ती टीव्हीच्या पैशावर. तिथला गरीब समर्थक मैदानाबाहेर गेला आणि माझा पुतण्या आत आला, हे एकाच व्यवहारात झालं. यावर खरं तर एक वेगळं व्याख्यान होईल, सचिवांनी नोंद घ्यावी.

तिसरा टप्पा मालकांचा. मुंबई सिटी ही फुटबॉल टीम २०१४ ला सुरू झाली. २०१९ मध्ये तिचा ६५ टक्के हिस्सा घेतला तो इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबाच्या मालक गटानं. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली, आणि इंग्लंडचे समर्थक रस्त्यावर उतरल्यावर त्यांचे सहा क्लब दोन दिवसांत मागं फिरले. जर्मनीत नियमच आहे की बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात राहावीत. वर्गणीची वही, दुसरं काय! आपण ती कधीपासून चालवतोय.

आणि आपल्याकडचं बोलायचं राहिलं. आपण सोवळे नाही. दगडफेक आपण केली, पोलीस बंदोबस्त आपल्यामुळं लागला, मध्येच थांबलेले सामने आपणच बघितले. पैसे देऊन एका तालमीचा खेळाडू दुसरीकडं न्यायचा आणि मग त्याच्या घरासमोर फटाके फोडायचे, हेही आपणच. आफ्रिकेतून खेळाडू आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं, कबूल करतो. मग त्यातला एक आमच्या बोळात भाड्यानं राहिला. हरल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर आला, पोरांनी त्याला नको ते सुनावलं, त्याला निम्मं कळलं, पण तो तिथंच उभा राहिला. तेव्हा माझ्या लेखी तो मंगळवार पेठेचा झाला. जन्म कुठं झाला याला फार अर्थ नाही, असं मला हल्ली वाटतं. वडील असते तर त्यांनी हे वाक्य मागं घ्यायला लावलं असतं.

२०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, त्यावर बोलायचं होतं. मुलींच्या संघांवर बोलायचं होतं. आमची नात सेंटर हाफला खेळते आणि तिची पणजी खिडकीशी उभी राहून फटाके ऐकायची, यावर माझ्याकडं चार पानं लिहून तयार आहेत. पण दुसरी चिठ्ठी आली आहे, आणि ही अध्यक्षांची नाही, माझ्याच मित्राची आहे. ‘मॅच चारला आहे, गॅलरी भरते.’

पावणेचार झालेत. मागच्या दोन रांगा कधी रिकाम्या झाल्या मला कळलंच नाही. जागा धरायला गेले असणार. मी थांबतो, माझं तिकीट काढलेलं आहे, पण त्यांच्या बाजूला बसायची माझी तयारी नाही.