चार सुताचा बोल्ट आणि उद्याचा संगणक

(दृश्य: सकाळचं कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर. शटर वर जातं, लेथ सुरू होतो.)

या वर्कशॉपच्या खणात टॅपचे, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारांचे, दोन डबे आहेत. एक इंचाचा, एक एमएमचा. हा नट चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा. व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे आटे, इंचाला १२, कोन ५५ अंश. त्यात बारा एमएमचा बोल्ट घाला. एखादा पीळ बसतो आणि अडकतो, कारण त्याचा कोन ६० आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पावणेदोन मिलिमीटर. मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, तरी इंचाचा डबा खणातच आहे. जुनी मशिनं अजून चालतात ना!

प्रोसेसरचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे त्याला समजणाऱ्या आज्ञांचा संच, हे असेच आटे. सॉफ्टवेअर त्यावरच बसतं. १९७८ साली इंटेलचा ८०८६ आला, १९८१ मध्ये आयबीएमनं त्याच घराण्यातला ८०८८ पीसीत बसवला, आणि आज राजारामपुरीत जोडून मिळणारा पीसीही बहुधा त्याच आट्यांचा असतो. त्यातली एक आज्ञा एका बाइटची, तर दुसरी पंधरा बाइटपर्यंत लांब. पुढची आज्ञा कुठून सुरू होते, हे शोधण्यातच चिपची जागा आणि वीज जाते. आर्म या दुसऱ्या घराण्याच्या ६४ बिटी आट्यांत प्रत्येक आज्ञा चारच बाइटची.

मग आटे बदलायचे का? २००१ मध्ये इंटेलनं इटॅनियम हा नव्या आट्यांचा प्रोसेसर आणून ते करून पाहिलं. जुनी सॉफ्टवेअरं त्यावर रखडत चालायची. २००३ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीनं जुन्याच आट्यांना ६४ बिट जोडले, आणि लोकांनी तेच घेतलं.

(दृश्य: लेथवर स्टड. एका टोकाला चार सुताचे आटे, दुसऱ्या टोकाला बारा एमएमचे.)

२०२० मध्ये अ‍ॅपलनं असा स्टड केला. एम१ चिप आर्मची, पण रोझेटा २ हे सॉफ्टवेअर जुन्या इंटेलच्या आज्ञांचं भाषांतर करून देत होतं. संक्रमण निभावलं.

पण आर्मचे आटे पाडायचे तर परवाना लागतो. व्हिटवर्थचे आटे पाडताना उद्यमनगरात कुणाला परवाना लागला नाही! म्हणून आमचं मत रिस्क-फाइव्हच्या बाजूनं आहे. २०१० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला हा इन्स्ट्रक्शन सेटचा नमुना सगळ्यांना खुला आहे, मूळ आज्ञा चाळीसच्या आसपास. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच आट्यांवर घडले.

अडचण खरी आहे. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर हिशेब विंडोजवर चालतो, आणि रिस्क-फाइव्हसाठी विंडोज अजून नाही. वेगातही हे प्रोसेसर मागे आहेत. लिनक्स ही खुली प्रणाली मात्र त्यावर चालते. डेबियन या लिनक्सच्या २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत रिस्क-फाइव्ह अधिकृतपणे आलं. तेव्हा अडतीवरचा पीसी आहे तसा राहू दे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र रिस्क-फाइव्हचे बोर्ड आत्ताच यायला हवेत. आटे पाडायला शिकायचं, तर हात लेथवरच पडायला हवा.