बोगद्यात चढणारा काटा

नमस्कार श्रोतेहो.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. आत शिरताना दिवे लावायचे, बाहेर पडलं की बंद करायचे. एका जुन्या बीटलचे मालक, कॉलेजातून निवृत्त झालेले सर, मला म्हणाले, "दादा, बोगद्यात शिरलो की ऑइल टेंपरेचरचा काटा चढतो, बाहेर आलो की उतरतो. आत हवा कोंडते, म्हणून इंजिन तापत असेल का?"

या प्रश्नापर्यंत यायला आम्हाला चार महिने लागले होते. तोवर सरांनी ऑइल बदललं, कुणाच्या तरी सल्ल्याने जास्त जाड घातलं, ऑइल कूलर काढून धुऊन घेतला. आणि मी? मी नवा सेंडर, म्हणजे ऑइलचं तापमान काट्याला कळवणारा भाग, विकून बसवला. काटा जिथल्या तिथे. गेली तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, तरी पहिल्यांदा सुटा भागच बदलला. हात सवयीने तिकडेच जातो.

आधी गाडीबद्दल थोडं. फोक्सवॅगनची जुनी बीटल, इंजिन मागे, रेडिएटर नाही. पेट्रोल पंपावरची पोरं अजूनही विचारतात, "काका, पाणी कुठे घालायचं?" पाणी घालायचंच नसतं. पंख्याची हवा आणि जेमतेम अडीच लिटर ऑइल, एवढ्यावर ते इंजिन थंड राहतं. त्यामुळे ऑइल किती तापलं याची काळजी या गाडीच्या मालकाला जरा जास्तच असते. मूळ गाडीत हा काटा नाही, ऑइल प्रेशरचा फक्त दिवा आहे. काटा लोक हौसेने मागाहून बसवतात, सरांनीही बसवलेला. खाली ऑइलच्या चेंबरच्या झाकणात बोल्टसारखा सेंडर, तिथून एक वायर अख्खी गाडी पार करून पुढे डॅशबोर्डपर्यंत.

आता हा सेंडर काम कसं करतो ते ऐका. त्याच्या पोटात एक मणी असतो. गार असताना तो विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. काट्यातून आलेला करंट त्या मण्यातून इंजिनच्या धातूत जातो आणि बॅटरीच्या निगेटिव्हला मिळतो. करंट जास्त वाहिला की काटा वर. एवढंच. काट्याला तापमान कळत नाही, त्याला फक्त करंट कळतो. सेंडरच्या वाटेने जास्त करंट गेला, कारण कुठलंही असो, तो "तापलं" असंच म्हणणार.

म्हणून काटा वर गेला की आधी तो कसा गेला ते बघा. अडीच लिटर ऑइल बोगद्याच्या मिनिटभरात वीस-पंचवीस अंशांनी तापत नाही, आणि बाहेर आल्यावर अर्ध्या मिनिटात निवत तर मुळीच नाही. ऑइल आळशी असतं. घाट चढताना काटा हळूहळू सरकतो, माथ्यावर पोहोचल्यावरही थोडा वेळ वरच राहतो, मग सावकाश उतरतो. असा चाललेला काटा खरा. टुणकन उडी मारणारा काटा म्हणजे वायरिंगची भानगड.

सरांना मी विचारलं, "रात्री काय होतं?" म्हणाले, "रात्री तर जास्तच तापते." रात्री हवा गार, तरी गाडी जास्त तापते! इथे माझी ट्यूब पेटली. बोगदा असो की रात्र, दोन्हीकडे दिवे लावलेले.

पण थांबा. काटा खोटा ठरवण्याआधी इंजिनची खात्री करायची, हे आमच्या धंद्यातलं पथ्य आहे. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघितली. पंख्याचा पट्टा बघितला, कारण बीटलमध्ये पंखा आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि इंजिनची हवाही बंद होते. तो दिवा किंवा ऑइल प्रेशरचा दिवा चालत्या गाडीत लागला, तर काट्याकडे बघत बसू नका, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सरांच्या गाडीत हे सगळं ठीक होतं.

मग साधी परीक्षा. चावी ऑन, इंजिन बंद. सेंडरची वायर काढली, काटा तळाला गेला. तीच वायर क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली, काटा थेट टोकाला. याचा अर्थ वायर अखंड आहे आणि काट्याला हालचाल आहे. वायर काढूनही काटा वरच राहिला असता, तर ती कुठेतरी सोलून बॉडीला लागली असं समजायचं. बीटलमध्ये इंजिनभोवतीच्या पत्र्यातून वायर जिथे आत शिरते, तिथलं रबर गळून पडलेलं असतं आणि पत्र्याची कड वायर कापत असते.

पण टोकाला जाणारा काटा मधले आकडे बरोबर दाखवतो असं नाही. इथे एक आकडा लिहून घ्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या १५० अंशांपर्यंतच्या सेंडरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५० अंशांना सुमारे ३२० ओहम, १०० अंशांना साधारण ६२ ओहम आणि १५० अंशांना १९च्या आसपास असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ६२ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर आणायचा आणि सेंडरच्या जागी वायर आणि इंजिनच्या मध्ये धरायचा. काटा १००वर आला पाहिजे.

याच मापाचा, हुबेहूब तसाच दिसणारा १२० अंशांचा सेंडरही मिळतो. त्याचा रोध १०० अंशांनाच ३८ ओहमच्या आसपास येतो. तो चुकून १५० अंशांच्या काट्याला जोडला, तर ऑइल १००ला असताना काटा १२०च्या जवळ दाखवणार. नाना पेठेतून सेंडर घेताना आकाराबरोबर त्यावरचा आकडाही वाचा. तसंच आटे घट्ट बसावेत म्हणून टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळू नका. सेंडरची अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, त्या आट्यांतूनच होते.

सेंडर काढलाच असेल तर पाण्यात तपासता येतो. स्वयंपाकघरातलं पातेलं मात्र नको, घरात महाभारत होईल. जुना डबा घ्या, सेंडर तारेने असा लटकवा की बुडाला टेकणार नाही. मीटरची एक सळई टोकाला, दुसरी अंगाला. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं, तेव्हा मीटरवर ६२पेक्षा किंचित जास्त ओहम दिसले की सेंडर चांगला. सरांचा जुना सेंडर मी असा उकळला आणि तो चांगला निघाला. नव्याचे पैसे मी परत केले, हे सांगायला हवं.

शेवटी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थिंगची वायर. सरांनी मागाहून असे तीन काटे बसवले होते. त्या तिन्हींची आणि गाडीच्या दिव्यांबरोबर लागणाऱ्या त्यांच्या आतल्या बल्बांची मिळून एकच तपकिरी वायर, तिचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, एका स्क्रूने बॉडीला आवळलेलं. मीटर व्होल्टवर ठेवून एक सळई काट्याच्या अर्थला, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावली. दिवे बंद असताना जेमतेम काही दिसलं. सरांना दिवे लावायला सांगितलं. आठ दशांश व्होल्ट! तिथे एक दशांशसुद्धा असता कामा नये. बल्बच्या करंटला बॉडीत उतरायला वाट नव्हती. तो काट्यातून आडवाटेने सेंडरकडे पळत होता आणि काटा बिचारा त्याला उष्णता समजत होता.

स्क्रू काढला. थिंबलखाली सुंदर, चकचकीत, फिकट निळा रंग. आणि रंगातून वीज जात नाही. गाडी रंगवल्याला वर्ष झालं होतं. "सर, काटा बिघडला तो रंगाच्या आधी की नंतर?" सर जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "नंतर. पण रंगाचा आणि तापमानाचा काय संबंध, म्हणून बोललो नाही."

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा लोखंड दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळलं, वरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं. वीस मिनिटांचं काम. मीटरवर जवळपास शून्य.

पुढच्या रविवारी सर मला मुद्दाम वाईला घेऊन गेले. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, चहा झाला, आणि परतताना बोगदा आला. आत शिरल्यावर सरांनी दिवे लावले. काटा हलला नाही. त्यांनी दिवे बंद केले, पुन्हा लावले, पुन्हा बंद, पुन्हा लावले. काटा ९५वर ठाम. सर इतके खूश की त्यांचा हात बटणावरून निघेना. पुढच्या ट्रकवाल्याला वाटलं, मागची गाडी घाईत आहे. त्याने बाजूला घेऊन आम्हाला साइड दिली.