पाऊस कुठाय?

(पडद्यावर काळोख. कौलांवर पडणारा पाऊस. मागे बेडूक.)

हा पाऊस १९८७च्या जूनमधला आहे. संगमेश्वरजवळच्या आमच्या घराच्या पडवीतला. थोडं थांबा... हां, आता खोकले ते माझे बाबा.

बाबा या फाल्गुनात गेले. २०२५चा हिशेब मांडायला बसलं की पहिली नोंद तीच निघते, म्हणून आधी सांगून टाकतो.

काका तेव्हा मस्कतला होता. पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागायचे आणि फोन करायचा तर पोस्टात जाऊन ताटकळायचं. एका सुट्टीत काकाने टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच, आणला आणि दोघे भाऊ कॅसेटवर बोलायला लागले. आखातात माणूस असलेल्या कोकणातल्या कितीतरी घरांत ही रीत होती. कुणी तिकडे निघालं की त्याच्या बॅगेत आंबापोळी, कुळथाचं पीठ आणि एक कॅसेट. नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. भावाला सांगायला बाबांकडे पंचेचाळीस मिनिटांचा मजकूर असायचा. मी आलेली व्हॉइस नोट दीडपट वेगाने ऐकतो.

(स्टुडिओ. पडद्यावर आवाजाचा आलेख.)

माझं काम आवाज स्वच्छ करण्याचं. पंखा, एसी, रिक्षा, लांब भुंकणारं कुत्रं, हे सगळं मी गेली पंचवीस वर्षं मुंबईत बसून पुसत आलोय. चित्रीकरणाच्या जागी आम्ही अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प करतो आणि त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करून घेतो. तिला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन वाक्यांमध्ये भोक पडलं तर बुजवायला ती लागते. आणि एका खोलीची शांतता दुसरीला चालत नाही, लगेच ठिगळ दिसतं. किती अनोळखी खोल्यांची शांतता माझ्या हार्डडिस्कवर पडून आहे! आमच्या पडवीची अर्धा मिनिटसुद्धा नव्हती.

यंदा पाऊस लवकर आला. २४ मेला केरळात, २६ला मुंबईत. मुंबईत मान्सून इतक्या लवकर आल्याची नोंद हवामान खात्याकडे याआधी नव्हती. मी तेव्हा गावी होतो, सातबाऱ्यावर नावं चढवण्याच्या खटपटीत. पहिल्या सरीला पडवीत उभं राहून पनवेलला काकाला व्हॉइस नोट पाठवली. 'काका, ऐक, लागला बघ पाऊस.' आणि मुद्दाम थोडा वेळ गप्प राहिलो, त्याला ऐकू यावा म्हणून.

काकाचं उत्तर आलं, 'तुझं बोलणं येतंय. पाऊस कुठाय?'

फोनने पुसला होता. माणसाचं बोलणं वरखाली होतं, मध्ये थांबतं. एकसुरी चालू राहतं ते फोनच्या लेखी गोंगाट. पाऊस तर तासन्‌तास एकसुरी. तेव्हा फोनने बोलणं ठेवलं आणि उरलेलं काढून टाकलं. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? मी याच कामाचे पैसे घेतो. दुसऱ्या रात्री पिशवीतून कामाचा रेकॉर्डर काढला आणि पडवीच्या खांबाला बांधून ठेवला.

दिवाळीत काकाने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात दिला. आत अकरा कॅसेट. दोन कॅसेटच्या फितीवर बुरशीची पांढरी नक्षी होती, नऊ वाजल्या. बाबांचं अक्षर, तारखा, पुढे 'बाजू अ', 'बाजू ब'.

सवयीने मी पहिली कॅसेट साफच करायला घेतली. सॉफ्टवेअरला आधी गोंगाटाचा नमुना दाखवावा लागतो. बाबा बोलायला लागण्याआधीचे तीन सेकंद दाखवले आणि बटण दाबलं. फितीची सरसर गेली. तिच्याबरोबर पाऊस गेला, बेडूक गेले. बाबा स्वच्छ ऐकू येत होते, पण कुठे बसून बोलतायत तेच कळेना. पडवी नव्हती, घर नव्हतं. मी सगळं पूर्ववत केलं.

त्या टेपरेकॉर्डरला गोंगाट कशाला म्हणायचं तेच कळत नव्हतं. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर फीत सरकायची आणि समोर येईल ते तिच्यावर उतरायचं. पावश्या, विहिरीवरचा रहाट, गोठ्यातली घंटा. कौलांवरचा पाऊस. आता माकडं कौलं फोडतात म्हणून आम्ही वर पत्रे घातलेत. पत्र्यावरचा पाऊस घरात बोलू देत नाही.

(आलेख. वरच्या बाजूला एक सरळ, उजळ रेघ.)

ही रेघ रातकिड्यांची. आता जे सांगायचंय ते मला जरा जड जातंय.

शेवटच्या चार-पाच वर्षांत बाबांच्या दोन तक्रारी असायच्या. रातकिडे राहिले नाहीत, आणि बेडूक पूर्वीसारखे ओरडत नाहीत. मी दोन्हींवर हसून म्हणायचो, 'बाबा, कानाचं मशीन लावा.' रातकिड्यांपुरतं माझं बरोबर होतं. त्यांची किरकिर चार-पाच हजार हर्ट्‌झच्या घरातली, आणि वय झालं की कान वरच्या पट्टीपासून सोडत येतो. त्याच पडवीत, त्याच वेळी, माझे कान किटत होते.

पण पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून ओरडणाऱ्या त्या मोठ्या बेडकाचा आवाज खर्जातला. बाबांना रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचं इंजिन ऐकू यायचं, पंपाची घरघर ऐकू यायची. बेडूक ओरडले असते तर तेही आले असते. म्हणजे एक तक्रार कानाची होती आणि दुसरी खरी होती. मी, आवाजावर पोट भरणारा माणूस, दोन्ही एकाच खात्यात टाकून मोकळा झालो.

हे कळलं तेव्हा मेमधलं माझं रेकॉर्डिंग आणि १९८७ची फीत शेजारी लावून ऐकली. दोन्हीकडे पहिला पाऊस. फितीत बेडूक एकमेकांवर इतके चढलेत की मोजता येत नाहीत. माझ्याकडे तीन आहेत, तेही हायवेच्या पलीकडून, ट्रकांच्या मधल्या फटीत. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण घरासमोरचे भाताचे कुणगे चौपदरीकरणाच्या भरावाखाली गेले, त्याला पुरावा लागत नाही. हा बेडूक पहिल्या पावसाच्या उथळ पाण्यात जमतो, तिथेच अंडी घालतो. ते पाणी साचायला आता जागा नाही.

योगायोग बघा, १९८७ सालीच भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. तोवर आपले बेडूक परदेशांतल्या ताटांत जात होते आणि इथे पिकावर कीड वाढत होती. निर्यात थांबली. डबकी बुजवण्यावर मात्र कुणी बंदी आणली नाही.

डिसेंबर संपत आलाय. आता पडवीत रेकॉर्डर लावून उपयोग नाही. बेडूक मातीत आहेत, पावसापर्यंत बोलायचे नाहीत. म्हणून ही शेवटची कॅसेट ऐकवतो. बाजू ब. बाबा म्हणतात, 'बरं, आता पुरे करतो,' आणि उठून जातात. बटण बंद करायला विसरले. पुढे नऊ मिनिटं कुणी बोलत नाही. आतून आई जेवायला हाक मारते, तेवढंच. टेपरेकॉर्डरचे सेल संपत आले होते, रेकॉर्ड होताना फीत हळू सरकत होती, त्यामुळे ऐकताना बेडकांचा आवाज चढत जातो, बारीक होत जातो.

ही गती मला सुधारता येते, अर्ध्या तासाचं काम. काकाला विचारलं.

काका म्हणाला, 'मी मस्कतला असंच ऐकलंय. राहू दे.'

(कॅसेट. निवेदन नाही. फीत संपल्याची खट्ट.)