पाकींची फळी

पत्रिकेत विषय छापलाय ‘हवाईतल्या सर्फिंगचा इतिहास’. तो सांगणारच आहे, पण आधी एका फळीपाशी थांबू या. मी जन्मभर सुतारकाम शिकवलं. फळी दिसली की माझा हात आधी तिच्या कडेवर जातो.

होनोलुलूला बिशप म्यूझियम आहे. चार्ल्स बिशप यांनी १८८९ साली आपल्या दिवंगत पत्नीच्या, राजघराण्यातल्या बर्निस पाउआहींच्या, स्मरणार्थ ते स्थापन केलं. पाउआहींचे वडील अबनर पाकी हे मोठे सरदार. लाटांवर स्वार होण्याच्या त्यांच्या फळ्या तिथल्या संग्रहात आहेत. लांबी साधारण १६ फूट. तुमच्या घरची दोन दारं टोकाला टोक लावून ठेवलीत तरी पुरी पडायची नाहीत! अशा लांब, जाड फळीला ‘ओलो’ म्हणत, ती सरदारांची. ‘अलाइया’ आखूड आणि पातळ, ती सगळ्यांची.

फळीसाठी झाड तोडताना मुळापाशी खड्डा करून तांबडा ‘कुमू’ मासा ठेवायचा, प्रार्थना म्हणायची. मग दगडी वाकसाने तासायचं, प्रवाळाने घासायचं. होडी लोटण्याआधी दर्याला नारळ देणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता माझा आवडता माणूस. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा टॉम ब्लेक. १९२०च्या दशकात तो हवाईला आला, तेव्हा पाकींच्या या फळ्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. म्यूझियमने त्याला त्या दुरुस्त करू दिल्या. म्हणजे काय, तर त्याने त्या हाताळल्या, त्यांचा आकार त्याच्या हातात बसला. मग त्याने तशीच फळी करायला घेतली. ती फार जड होणार, म्हणून तिला शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड लावून बंद केली. गिरमिट चालवलेल्या माणसाला विचारा, हे किती चिकाटीचं काम आहे! त्यातूनच पुढे पोकळ फळी आली. तिचं पेटंट १९३२चं. १९३५ साली त्याने फळीच्या बुडाला माशाच्या परासारखी पट्टी बसवली, आणि वळताना फळी घसरेनाशी झाली. आजच्या फळीचा एक धागा असा थेट संग्रहालयाच्या भिंतीवरून निघालेला आहे.

हे मी इतकं सांगतो, कारण माझ्या मनात एक सल आहे. आपल्याकडच्या एका संग्रहालयात मी जुनं वल्हं पाहिलं. पात्याकडे येताना त्याची जाडी इतकी सुरेख उतरत होती की विद्यार्थ्यांकडून तसं एक करून घ्यावंसं वाटलं. मापं घेण्यासाठी अर्ज केला. उत्तर नाही. पुन्हा केला. मग उत्तर आलं, ‘वस्तूला स्पर्श करता येत नाही.’ हातमोजे घालतो म्हटलं, तुमचाच माणूस मापं घेऊ दे, मी नुसती लिहून घेतो म्हटलं. तिसऱ्या वर्षी गेलो तर ते वल्हं वाळवीने खाल्लेलं, कोठीत पडलेलं. काचेने माझा हात अडवला, वाळवी अडवली नाही. त्या वल्ह्याची मापं आता कुणाकडेच नाहीत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर इतिहास.

१७७९मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जेम्स किंगने हवाईच्या लोकांचं लाटांवरचं कौशल्य लिहून ठेवलं. त्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं भराभर मेली. १८२०पासून मिशनरी आले, त्यांना हा उघड्या अंगाचा खेळ खपेना. म्हणून पुष्कळदा सांगतात की खेळ मेला आणि पर्यटकांनी जिवंत केला. मला हे मान्य नाही. १८८५ साली तीन हवाईयन राजपुत्र कॅलिफोर्नियात सांताक्रूझला, नदीच्या मुखाशी, तिथल्याच रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेत होते. राजकन्या काइउलानी १८९९मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी गेली. तिची कोआ लाकडाची फळीही बिशप म्यूझियममध्ये आहे. हवाईचं राज्य बुडालं, तरी खेळ घराघरांत होता. वायकीकीचा ड्यूक कहानामोकू त्यातूनच आला. १९१२च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक त्याने घेतलं, आणि १९१४-१५च्या मुक्कामात सिडनीजवळ फ्रेशवॉटरला स्वतः फळी घडवून लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. तीही फळी जपलेली आहे.

राजपुत्रांच्या दोन फळ्या २०१५ साली प्रदर्शनासाठी सांताक्रूझला आल्या, १३० वर्षांनी, ज्या गावात त्या पाण्यात उतरल्या होत्या तिथेच.

बाहेर व्हरांड्यात मी खडूने १६ फुटांची रेघ आखून ठेवलीय. जाताना तिच्याशेजारी जरा उभे राहा.