वईवरचा वांझ वेल

[कणकुंबीजवळचं परडं. सकाळ, बारीक पाऊस.]

मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या अलीकडची ही वाडी. तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. वईवर, म्हणजे कुंपणावर, चढलेला हा वेल कुणी लावलेला नाही. जमिनीखाली त्याचा कंद आहे. उन्हाळाभर तो निजतो आणि मृगाचा पाऊस पडला की त्याच जागी पुन्हा कोंब काढतो.

कर्टोली. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की हीच फागलां, आणि पूर्वेला बैलहोंगलाकडं सरकलात की मडहागलकाई.

[मावशींचा हात, कोयता.]

आता हा हात बघा. मावशी वेल तोडायला निघाल्यात. "वांझ हाय ह्यो. तीन सालं फुलतोय, एक कर्टुलं धरंना." आम्ही कॅमेरा थांबवला नाही, कोयता थांबवला. आपण मध्ये पडायला नको होतं, असं आमच्या कॅमेरामनचं म्हणणं आहे. असेलही.

तेवढ्यात पडवीतून आजोबा ओरडले, "वांझ कुठला? गडी हाय त्यो!"

काकडी, दोडका, भोपळा यांच्या एकाच वेलावर नरफुलंही येतात आणि मादीफुलंही. कर्टोलीनं मात्र दोन चुली मांडल्यात. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका, आणि डायोइका म्हणजेच दोन घरांची. गड्याला फळ धरायचंच नसतं. पण तो नसेल तर शेजारच्या वेलालाही धरणार नाही.

[दोन फुलं, अगदी जवळून.]

डावीकडचं फूल नराचं. पाकळ्यांच्या लगेच खाली पानाचा हिरवा द्रोण आहे, कळी त्यातूनच डोकं वर काढते. उजवीकडच्या फुलाखाली असा द्रोण नाही. तिथं वाटाण्याएवढं काटेरी कर्टोलं आधीच बसलंय. फूल उमलायच्या आधीपासून. एवढं बघता आलं तर कुणाच्याही परड्यात नर कुठला नि मादी कुठली, लांबूनच सांगता येईल.

[दिवेलागण. टॉर्चचा उजेड.]

हे फूल उमलतं संध्याकाळी. फिकट पिवळं, वासाचं. रात्री पतंग येतात आणि या वेलावरचे परागकण त्या वेलावर नेतात. आम्ही दोन रात्री छत्री धरून बसलो. पतंग काही आमच्या दिव्यासमोर आला नाही, त्यामुळं तो या फिल्ममध्ये नाही.

त्याच्या जागी हा पोरगा आहे. शेजारच्या वाडीचा, पाच गुंठ्यांत मांडव घालून कर्टोली करतो. हातात नरफूल. त्याच्या पाकळ्या मागं दुमडल्या, मधले पुंकेसर उघडे पडले आणि ते त्यानं मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवले. एकदा, दोनदा. पुढचं फूल. एका नरफुलावर तो चार-पाच मादीफुलं उरकतो. बोटांना पिवळी पूड लागलीय ती बघा. ज्या फुलाला ही पूड लागली, त्याचं कर्टोलं साधारण दोन आठवड्यांत काढणीला येतं. ज्याला लागली नाही, ते पिवळं पडतं आणि गळतं.

त्याच्या मांडवात दर आठ-दहा मादी वेलांमागं एक नर आहे. हे प्रमाण बियांवर सोडलं तर जमत नाही, कारण बियांपासून साधारण निम्मे नर निघतात, निम्मे मादी, आणि फूल येईपर्यंत कोण कुठला ते कळत नाही. कंद लावला तर मादीच्या कंदातून मादीच येते. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रानं आर्का भारत हे मोठ्या फळाचं वाण दिलंय. ते याच घराण्यातलं, आणि त्यालाही गडी लागतोच.

गड्याशिवाय चालवायचा एक प्रयोगशाळेतला मार्ग आहे. मादी वेलाच्या कोवळ्या शेंड्यावर सिल्व्हर नायट्रेट फवारलं की त्यातली चांदी इथिलीन या वनस्पतीच्या संप्रेरकाचं काम अडवते, आणि मादी वेलावर पुंकेसर असलेली, दोन्ही लिंगांची फुलं येतात. भांगेच्या झाडातही हेच घडवता येतं. भांगही दोन घरांचीच. ताण पडला तर तिची मादी आपणहून चार नरफुलं काढते. गांजासाठी मात्र लोकांना बी नको असायचं. भांग-गांजाची चौकशी करणाऱ्या 1893-94 च्या ब्रिटिश आयोगाच्या अहवालात बंगालमधले पोद्दार भेटतात, म्हणजे शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणारे जाणकार. इथल्या परड्यांतही उपटतात नरच, पण न ओळखता. आणि इथं बी धरल्याशिवाय भाजीच नाही.

[पलीकडच्या वाडीतलं परडं. गळलेली फुलं.]

इथं दोन सालांपूर्वी गडी तोडला. वेल हिरवागार आहे, फुलतोयही. जमिनीवर बघा.

[बेळगाव, गणपत गल्ली. श्रावण.]

बाजारातले हे वाटे जांबोटी-कणकुंबीकडून पहाटेच्या गाडीनं आलेत. रानात पूर्वीइतकी मिळत नाहीत, लोक कंदासकट उपटून नेतात, असं टोपलीवाल्या बायका सांगतात. भाव विचारणारे पुष्कळ, घेणारे थोडे.

[परत मावशींचं परडं.]

कोयता पडवीत टांगलाय. मावशींनी जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडली आणि गड्याच्या बुंध्याला बांधली. सून नवी आहे, तिला कळावं म्हणून.