ट्रॅक्टरचं शेपूट सांभाळा

नमस्कार शेतकरी बंधूभगिनींनो,

छोटा ट्रॅक्टर घ्यायला माणूस शोरूममध्ये गेला की आधी पुढून रुंदी मोजतो. साडेतीन फूट? मग बागेत आरामात जाईल. आणि तो जातोही. 9 फुटी ओळीत, म्हणजे वेलींच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यात, 18-20 एचपीचा ट्रॅक्टर शिरायला काहीच अडचण नाही. अडचण येते ओळीच्या टोकाला, बाहेर पडताना. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत, कुठल्याही द्राक्षपट्ट्यात चक्कर मारा आणि टोकाचे अँगल, म्हणजे वेलींच्या तारा धरणारे लोखंडी खांब, जरा वाकून बघा. गुडघ्याच्या उंचीवर रंग खरवडलेला, कुठे अँगल वाकलेला, कुठे अँगलला बाहेरून ओढून धरणारी ताणाची तार सैल पडलेली. ही करामत पुढच्या चाकाची क्वचितच असते. ती ट्रॅक्टरच्या शेपटाची, म्हणजे मागच्या औजाराची असते.

आता हे होतं कसं ते बघू. ट्रॅक्टर फिरतो मागच्या आसाभोवती. मागच्या लिफ्टवर बसवलेला रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार, त्या आसाच्याही मागे लटकत असतो. तुम्ही स्टेअरिंग उजवीकडे मारलं की तोंड उजवीकडे जातं आणि रोटाव्हेटर डावीकडे फेकला जातो. बोनेट ओळीच्या बाहेर आलेलं दिसतं, ड्रायव्हरला वाटतं निघालो, आणि तो वळण घेतो. पण रोटाव्हेटर अजून शेवटच्या दोन झाडांमध्येच असतो. डाव्या ओळीचा अँगल नाहीतर ठिबकची नळी त्याच्या तावडीत सापडते. नळी एकदा पात्यांना गुंडाळली की ती कापून काढण्यात अर्धा तास गेलाच म्हणून समजा. तेव्हा वळायचं कधी? मागची मोठी चाकंच नव्हे, तर औजारही अँगलच्या पुढे आलं की. मान वळवून डोळ्यांनी बघायचं, लिफ्ट उचलायची, मग स्टेअरिंग.

मागे ओढायचा ब्लोअर, म्हणजे चाकांवरचं फवारणी यंत्र, असेल तर मात्र चूक बरोबर उलटी होते. ओढलेलं औजार आतला कोपरा कापतं. ट्रॅक्टर उजवीकडे वळला की ब्लोअरचं उजवं चाक ताणाच्या तारेवर चढतं. म्हणून ब्लोअर घेऊन वळताना आणखी पुढे जायचं, मोठा घेर घ्यायचा. सकाळी रोटाव्हेटर चालवणारा हात दुपारी ब्लोअरवर बसला की सवयीनं सकाळचंच वळण घेतो. घोटाळा तिथे होतो.

वळताना पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद शाफ्टनं औजाराला देणारी जोडणी, बंद करा, हेही सांगतो. जास्त कोनात फिरणारा शाफ्ट खडखड करायला लागला की त्याचे जोड झिजतात, आणि टोकाला मोकळ्या रस्त्यावर उडणारं औषध तुमच्याच खिशातलं असतं. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवीन बसवा. मिनिटाला 540 फेरे घेणाऱ्या शाफ्टनं उपरण्याचं टोक किंवा पदर पकडला तर सोडवायला वेळ मिळत नाही.

आता थोडं गणित. 9 फुटी बागेत एका ओळीतून निघून लगेच शेजारच्या ओळीत शिरायचं तर साडेचार फूट त्रिज्येचं वळण लागतं. छोटा ट्रॅक्टर एका बाजूचा ब्रेक दाबूनही साधारण सव्वादोन ते अडीच मीटर, म्हणजे साडेसात-आठ फूट मागतो. कॅटलॉगमधला हा आकडाही नुसत्या ट्रॅक्टरचा, मागे औजार नसतानाचा. मग शेजारच्या ओळीत एका झटक्यात तो शिरणार कसा? मागेपुढे करत बसावं लागतं, आणि त्यातच अँगल वाकतात. उपाय सोपा आहे: मधली एक ओळ सोडा. पहिलीतून तिसरीत, तिसरीतून पाचवीत. 18 फुटांचं अंतर म्हणजे 9 फुटांची त्रिज्या, वळण आरामात बसतं. राहिलेल्या ओळी परतीच्या फेरीत. कुठली झाली, कुठली राहिली याचा गोंधळ होतो, हे खरं. टाकी जिथे संपली त्या अँगलला लाल चिंधी बांधून ठेवा.

डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबून जागेवर वळायची सोय ट्रॅक्टरला असते. ती शेतात, पहिल्या गिअरमध्ये वापरायची. डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडलं जोडणारी कडी लावली का, हे बघितल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. फोर व्हील ड्राइव्हचा दांडाही कडक जमिनीवर वळताना सोडवून घ्यावा. पुढची चाकं ओढत असताना वळण मोठं होतं आणि टायर घासतात.

बागेत बसावा म्हणून आपल्याकडे मागची चाकं आत घेतात. बागेत ते ठीक, पण मग तो ट्रॅक्टर उतारावर अस्थिर होतो, हे ध्यानात ठेवा. त्यात ब्लोअरची टाकी अर्धी भरलेली असेल तर आतलं पाणी वळताना बाहेरच्या बाजूला धावतं आणि तोल आणखी बिघडवतं. बांध ओलांडायचा तर काटकोनात, सरळ, हळू. तिरकं चढलं की एक चाक वर, एक पाटात. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडच्या भातखाचरांच्या बांधांवर तर छोटा ट्रॅक्टरही नेऊ नये असं माझं मत आहे. तिथे पॉवर टिलर बरा.

मागची चाकं पाटात रुतली तर क्लच झटक्यात सोडून पुढे रेटू नका. चाकं फिरत नाहीत, मग आसाभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढचं तोंड वर उठतं आणि तो मागे उलटतो. हे दीड सेकंदाच्या आसपास घडतं, उडी मारायचं सुचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. अशा वेळी रिव्हर्समध्ये बाहेर काढा. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं तर साखळी खालच्या हुकाला लावा, औजार जोडायच्या वरच्या लिंकला कधीच नाही.

नाल्याच्या काठापासून किती लांब राहायचं? नाला जितका खोल, निदान तितकं. काळी माती भेगाळलेली असेल तर त्याहून जास्त. शेततळ्याच्या भरावावरून ट्रॅक्टर न्यायचाच नाही. बिनकठड्याच्या विहिरीजवळ तर रिव्हर्स घेऊच नका. कठडा बांधणं आज जमत नसेल, तर पुढच्या हंगामाआधी निदान चार मोठे धोंडे रांगेत टाका.

रिव्हर्स घेताना मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा एकजण आपल्याकडे असतोच. इंजिनाच्या आवाजात त्याचं ऐकू येत नाही, आणि औजाराच्या थेट मागे असला तर तो दिसतही नाही. त्यानं बाजूला, ड्रायव्हरच्या नजरेत उभं राहावं आणि हातानं खुणा कराव्यात. तो दिसेनासा झाला की ब्रेक, दुसरा विचार नाही. लहान मुलांना हे काम देऊ नका.

आणि नवी लागण करणार असाल तर फक्की मारण्याआधी, म्हणजे चुन्यानं ओळी आखण्याआधी, शेताच्या टोकाला ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून उभा करा आणि त्याची पूर्ण लांबी मोजा. तेवढी जागा तरी दोन्ही टोकांना ताणाच्या खुंट्यांपासून पुढे मोकळी हवी. एका ओळीतली दोन-दोन झाडं कमी लागतील, म्हणून जीव तुटेल, मान्य आहे. पण अँगल सरळ करण्याचा, तारा पुन्हा ताणण्याचा आणि ठिबक जोडण्याचा पाच वर्षांचा खर्च त्या झाडांच्या मालाशेजारी एकदा मांडून बघा. जुन्या बागेत जागा वाढवता येत नाही. तिथे एप्रिलच्या खरड छाटणीत, पानं कमी असताना, टोकाच्या अँगलना आणि ताणाच्या तारांना पांढरा रंग मारून घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी अंधारापर्यंत लांबते, तेव्हा हेडलाइटमध्ये ते दिसतील.

नमस्कार.